शुगर उतरेना, तेव्हा हिरड्या दाखवल्या

जून २०२४ मध्ये माझा एचबीए१सी ८.९ आला. म्हणजे आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर २१० च्या घरात. मधुमेह होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. सुरुवातीला हा आकडा सातच्या आसपास राहायचा, मग दरवर्षी थोडा थोडा चढत गेला. गोळ्या वेळेवर होत्या, संध्याकाळचं चालणं होतं, चहा बिनसाखरेचा होता. शुगरच्या डॉक्टरांनी तिसरी गोळी वाढवली आणि तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलं. सप्टेंबरअखेर आकडा आला ८.६. त्या दिवशी पहिल्यांदा इन्सुलिनचं नाव निघालं आणि मी धास्तावले.

जुलै २०२५ मध्ये तोच आकडा ७.२ आला. इन्सुलिन लागलं नाही, चौथी गोळीही लागली नाही. मधल्या काळात वेगळं काही झालं असेल तर हिरड्यांचे उपचार झाले, आणि त्यामुळे माझं जेवण बदललं. हे सगळं करताना कुठून सुरुवात करायची, कोणते कागद न्यायचे, किती पैसे लागतील, किती दुखेल, हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. नात्यात, कारखान्यात, शेजारीपाजारी शुगर असलेली इतकी माणसं आहेत, पण दातांचा विषय निघाला की सगळे म्हणतात, ‘वयाप्रमाणे दात जायचेच.’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात झाली आहारतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी तक्ता दिला: काकडी, गाजर, मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे. तक्ता माझ्या हातात ठेवताना त्यांनी सहज विचारलं, ‘हे सगळं चावता येतं ना?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं म्हणजे चावता येत नव्हतं. उजव्या बाजूची खालची दाढ दाबली की हलायची, म्हणून मी डावीकडून खायची. मग डावीकडेही ठणका लागायला लागला. कडक भाकरी आमच्या घरात रोजची, पण माझ्या ताटातून ती केव्हाच गेली होती. शेंगाची चटणी दातांच्या फटीत जाऊन बसायची, म्हणून तीही बंद. राहिलं काय, तर भात-वरण, उपमा, चहात बुडवलेली खारी. म्हणजे शुगरवाल्याने मोजून खावं असं जे जे, तेच माझं मुख्य जेवण झालं होतं.

बाईंनी तक्त्याच्या खाली लिहिलं, ‘दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा’, आणि सही केली. या सगळ्या प्रवासातला हा पहिला कागद. तुमच्या शुगरच्या डॉक्टरांकडून अशी एक ओळ लिहून घ्या. पुढे दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मला मधुमेह आहे, किती वर्षांपासून, कोणत्या गोळ्या’ हे सगळं नव्याने सांगावं लागतं, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

माझी लक्षणं लिहून ठेवते, कारण कुणाला तरी ती ओळखीची वाटतील. ब्रश करताना रक्त यायचं. सकाळी उठल्यावर तोंडाला घाण वास आणि चिकट चव. खालच्या पुढच्या दातांमध्ये पूर्वी नव्हती ती फट पडली होती. हिरडी दाबली तर एखादे वेळी पस दिसायचा. तोंड सारखं कोरडं पडायचं. आणि यातलं काहीच फारसं दुखत नव्हतं. हिरड्यांच्या या आजाराला जुने लोक पायोरिया म्हणतात, डॉक्टर पेरिओडोन्टायटिस म्हणतात. तो बहुतेक वेळा न दुखताच वाढतो. किडलेला दात रात्रभर जागवतो, त्यामुळे माणूस डॉक्टरांकडे धावतो. हिरड्या मात्र गप्प राहून आतलं हाड झिजवत राहतात.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात गेले. आमचे नेहमीचे दातांचे डॉक्टर म्हणाले की हे हिरड्यांच्या तज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांच्याकडेच दर गुरुवारी येणाऱ्या मॅडमची वेळ दिली. हिरड्यांचे तज्ज्ञ वेगळे असतात, त्यांना पेरिओडोन्टिस्ट म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तपासणीचे ३०० रुपये, आणि संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, त्याचे ४५०. ओपीजी दुसऱ्या सेंटरला जाऊन काढायचा होता. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, यंत्र डोक्याभोवती फिरतं, अर्ध्या मिनिटाच्या आत काम होतं. दागिने आधीच घरी ठेवून जा. मंगळसूत्र, कानातलं, नाकातलं सगळं काढावं लागतं आणि ते हातात धरून बसायला जागा नसते.

गुरुवारी मॅडमनी एक बारीक, खुणा असलेली सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजली. त्या आकडे सांगायच्या, त्यांची सहायक मुलगी लिहून घ्यायची. ‘तीन, दोन, तीन. पाच, चार, सहा.’ निरोगी हिरडीत ही खोली एक ते तीन मिलिमीटर असते. त्यापुढे गेली की दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसा तयार झाला असं समजतात. माझे मागच्या दाढांभोवतीचे आकडे सहा, सात होते. ऐकताना पोटात गोळा आला. खुर्चीत आडवं पडून, तोंड उघडं ठेवून आपल्याच तोंडाचे असे आकडे ऐकत राहणं फार एकटं वाटतं. माझी मुलगी सोबत होती, तिने हात धरला होता. सोबत कुणाला तरी न्या.

मग मॅडमनी जे समजावलं, ते मला कुणीतरी सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. साखर जास्त राहिली की हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम उशिरा भरते. लाळ कमी होते, लाळेतली साखर वाढते. त्यामुळे मधुमेह असलेल्याला हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते. इथपर्यंत अंदाज होता. पुढचं नवीन होतं. हे उलट दिशेनेही चालतं. हिरड्यांच्या खिशात सूज सतत राहिली की त्या सुजेतली रसायनं रक्तात उतरतात. इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी त्यांची नावं. ती शरीरभर फिरतात आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट करतात. गोळी तीच, डोस तोच, पण साखर हलत नाही. ‘तुमच्या सगळ्या खिशांची आतली बाजू उलगडून एकत्र मांडली, तर कित्येक चौरस सेंटिमीटरची उघडी जखम होईल,’ त्या म्हणाल्या. ‘एवढी जखम पायाला असती तर तुमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी पट्टी केली असती.’

हे वाक्य मनात रुतून बसलं. दर वर्षी माझे डोळ्यांचे पडदे तपासले जातात, पायांची संवेदना बघतात, लघवीतलं प्रथिन मोजतात. तोंड उघडा असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. १९९३ साली हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या, न भरणाऱ्या जखमा, आणि त्यानंतर हिरड्या. तीस वर्षांहून अधिक काळ हे माहीत आहे, आणि अजूनही तपासणीच्या यादीत तोंड सहसा नसतं. यात बदल व्हायला हवा असं मला फार मनापासून वाटतं. तोपर्यंत आपण स्वतःच म्हणायचं, ‘डॉक्टर, माझ्या हिरड्यांतून रक्त येतं.’

उपचारांचा आराखडा असा होता. आधी खोलवर सफाई, म्हणजे हिरडीच्या खाली मुळांवर बसलेलं कीटण काढणं. चार भागांत करायची, प्रत्येक भागाचे १,७५० रुपये, म्हणजे ७,०००. मग दीड-दोन महिने थांबून परत मोजमाप. त्यानंतरही खोल खिसे राहिले तर तेवढ्या जागी शस्त्रक्रिया, तिचा अंदाज एका भागाला ५,००० आणि हाडाची पूड भरावी लागली तर वर वेगळे. उजवी हलणारी दाढ काढावी लागेल असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिच्याभोवती हाडच उरलं नव्हतं. घरी येऊन त्या दाढेसाठी मी रडले.

पैशांचं लगेच सांगते. आमच्या कारखान्याच्या गटविम्यात दातांचा बाह्यरुग्ण उपचार बसत नाही. बहुतेक आरोग्य विम्यांत तो नसतोच, अपघातात जबड्याला मार लागून दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. तरीही पॉलिसीच्या कागदात ‘दंत’ शब्द शोधून ते कलम वाचून घ्या. काही जण बाह्यरुग्ण खर्चाची वेगळी जोड घेतात. ज्यांना खासगी दर झेपत नाहीत त्यांच्यासाठी सिव्हिलला दंत विभाग आहे, आणि पुणे रोडला दंत महाविद्यालय आहे. मी पुढे शस्त्रक्रिया महाविद्यालयातच केली.

सफाईसाठी एचबीए१सी खाली यायची वाट बघायची का, हा माझा प्रश्न होता. मॅडमचं म्हणणं असं की संसर्ग अंगात ठेवून साखर उतरायची वाट बघण्यात अर्थ नाही, सफाई लगेच करू. शस्त्रक्रियेआधी मात्र त्यांना आकडा आठच्या आत हवा होता. शुगरच्या डॉक्टरांकडून पत्र आणायला सांगितलं. पहिलं पत्र ‘दंतोपचारास हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं मिळालं आणि ते पुरलं नाही. परत जाऊन नवं घेतलं. पत्रात हे असायला हवं: तारीख, ताजा एचबीए१सी, सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की नाही, मूत्रपिंडाचा रिपोर्ट कसा आहे, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. हे मुद्दे आधीच चिठ्ठीवर लिहून नेलेत तर एक खेप वाचेल.

दिवाळी आटपली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सफाई सुरू झाली. वेळ सकाळची घ्या. नाश्ता करून, गोळी घेऊन जायचं, उपाशी जायचं नाही. दवाखान्यात आधी बोटातून साखर तपासली. भूल दिल्यावर सुई टोचल्याची कळ काही सेकंद, मग ओठ आणि अर्धी जीभ बधिर. यंत्राचा आवाज आणि पाण्याचा फवारा, तोंडात पाणी साठत राहतं आणि ते ओढून घेणारी नळी गुरगुरत असते. नंतर हाताच्या अवजारांनी मुळं खरवडतात, तो आवाज हाडातून ऐकू येतो. दुखत नाही, पण दडपण येतं. मी डोळे मिटून मनात सिद्धेश्वराचं नाव घेत राहिले. एका भागाला पाऊण तास लागला.

भुलीचा असर दोन-तीन तास राहतो. तेवढ्यात जेवलं तर गाल किंवा जीभ चावली जाते आणि कळतही नाही. मी जेवण पुढे ढकललं, आणि दुपारी अडीचच्या सुमारास हात थरथरायला लागले, घाम फुटला. मीटरवर ६४. सत्तरच्या खाली म्हणजे साखर कमी झाली. ग्लुकोजची पूड पाण्यात घालून घेतली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग पेज प्यायले. पुढच्या वेळी शुगरच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी त्या दिवशीच्या एका गोळीची वेळ बदलून दिली. ग्लिमेपिराइडसारखी साखर पाडणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर दातांच्या कामाच्या दिवशी काय करायचं हे आधी विचारून ठेवा, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. पर्समध्ये ग्लुकोज असू द्या.

सफाईनंतर जे होतं ते आधी माहीत असलेलं बरं. हिरड्यांची सूज उतरते, त्यामुळे दात लांब दिसतात आणि मधल्या फटी मोठ्या दिसायला लागतात. थंड पाणी लागलं की शिवशिवतं. मला वाटलं, लोक म्हणतात तेच खरं, साफ केल्याने दात ढिले होतात. मॅडमनी ओपीजी परत दाखवून समजावलं: हाड आधीच गेलेलं होतं, त्या जागी कीटण साचून फट झाकली होती. कीटण गेलं की आहे ती स्थिती दिसते. काही आठवड्यांत हिरडी घट्ट होते आणि जे दात थोडेफार हलत होते ते बऱ्यापैकी स्थिरावतात. माझे पुढचे दात खरोखरच स्थिरावले.

गुळण्यांसाठी क्लोरहेक्झिडिन ०.२ टक्के मिळालं, दिवसातून दोनदा १० मिलिलिटर, दोन आठवडे. ब्रश केल्यावर लगेच वापरायचं नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा गुण कमी होतो. त्याने जेवणाची चव बदलते आणि दातांवर तपकिरी डाग पडतात. डाग पुढच्या सफाईत निघतात, घाबरू नका, पण सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरूही नका.

ब्रश करायला मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी नव्याने शिकले. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका, साधारण ४५ अंशांत धरून, जागच्या जागी हलकेच हलवायचा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढायचा. फटींसाठी बारीक गोल ब्रश असतात, इंटरडेंटल ब्रश. दुकानात सरसकट पाकीट घेऊ नका, आधी डॉक्टरांकडून आपल्या फटीचं माप विचारा. मला दोन वेगळी मापं लागतात, पाकीट दोनशेच्या आसपास पडतं आणि एक ब्रश बरेच दिवस धुऊन वापरता येतो. रात्रीचा ब्रश सोडायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस त्या बारीक ब्रशने रक्त येतं, मग कमी होत जातं. रक्त यायचं थांबलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मुलीला उठवून बेसिन दाखवलं.

नोव्हेंबरअखेर चारही भाग झाले, त्यातच ती दाढ काढली, तिचे ८०० रुपये. जखम भरायला वेळ लागला, पण भरली.

जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाल्यावर, परत मोजमाप झालं. बहुतेक आकडे तीन-चारवर आले होते. डावीकडच्या खालच्या दाढांपाशी दोन ठिकाणी सहा तसेच होते. रक्त येणाऱ्या जागा फारच कमी झाल्या होत्या. त्या महिन्यात मी कित्येक वर्षांनी कडक भाकरी आमटीत न भिजवता खाल्ली, शेंगाची चटणी आणि दह्याबरोबर. डाव्या बाजूने, सावकाश, पण खाल्ली. हुरड्याच्या दिवसांत हुरडाही चावता आला.

फेब्रुवारीच्या शेवटी एचबीए१सी केला. ७.६. शुगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, ‘काय वेगळं केलं?’ मी हिरड्यांच्या मोजमापाचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवला.

इथे नीट सांगायला हवं. पूर्ण एक आकड्याचा फरक हिरड्यांमुळे पडला असं मी म्हणणार नाही. तिसरी गोळी चालू होती, आणि भात-खारीच्या जागी भाकरी-मटकी आल्याचाही मोठा भाग असणार. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये मधुमेहींच्या हिरड्यांवरील उपचारांच्या ३५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ ने कमी झालेला दिसला. अर्ध्या आकड्याला थोडा कमी. एखादी जादाची गोळी सुरू केल्यावर काही वेळा साधारण एवढाच फरक मिळतो, म्हणून मला तो मोठा वाटतो. पण याचा अर्थ दात साफ केले की शुगरच्या गोळ्या सोडायच्या असा मुळीच नाही. माझ्या गोळ्या आजही त्याच आहेत.

आकडा आठच्या आत आल्यावर शस्त्रक्रियेचा विषय आला. खर्चामुळे मी दंत महाविद्यालय निवडलं. तिथली पद्धत समजून घेतली तर गोंधळ होत नाही. सकाळी लवकर जाऊन खिडकीवर केसपेपर काढायचा, आधार कार्ड आणि मोबाइल नंबर द्यायचा. सगळ्यात आधी ओरल मेडिसिन विभाग, तिथे विद्यार्थी डॉक्टर पूर्ण इतिहास विचारतात. मग एक्स-रे, मग पेरिओ, म्हणजे हिरड्यांचा विभाग. प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्यांनी केलेलं त्यांचे शिक्षक डॉक्टर तपासतात, त्यामुळे वेळ लागतो, आणि त्यामुळेच काम काळजीपूर्वक होतं. अर्धा दिवस धरून चला, डबा आणि पाण्याची बाटली न्या, दुपारच्या गोळीची वेळ येत असेल तर ती गोळीही. जुना ओपीजी आणि खासगी दवाखान्यातला हिरड्यांचा तक्ता मी नेला होता, त्यामुळे आधीची स्थिती त्यांना लगेच समजली. खासगी दवाखान्यातून आपला तक्ता मागून घ्या, तो आपलाच असतो.

रक्ताच्या तपासण्या सांगितल्या: साखर, हिमोग्लोबिन, रक्त थांबण्याची आणि गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ ब. बाहेर केल्या, सगळ्या मिळून ११०० रुपये. एचआयव्हीचं नाव ऐकून मी दचकले होते; शस्त्रक्रियेआधी ती सगळ्यांचीच करतात. संमतीपत्र मराठीत होतं, ते पूर्ण वाचा, न कळलेलं विचारा. ज्या मुलीने माझी शस्त्रक्रिया केली ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती, माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. तिने कागदावर हिरडीचं चित्र काढून कुठे चीर देणार, काय काढणार, टाके कुठे पडणार हे दाखवलं. ‘काकू, मध्ये काही वाटलं तर डावा हात वर करा, मी थांबेन,’ असं तिने सांगितलं आणि मी हात वर केला तेव्हा ती खरंच थांबली.

गुढीपाडवा ३० मार्चला होता, मी त्यानंतरची ८ एप्रिल घेतली. सव्वा तास लागला. हिरडी थोडी उघडून मुळांवरचं उरलेलं कीटण आणि खराब भाग साफ केला, टाके घातले, वर गुलाबी लेपासारखी पट्टी बसवली. त्या रात्री गाल सुजला, बाहेरून बर्फ धरला. वेदनेची गोळी देताना माझा मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून पॅरासिटामॉलच दिली. तुमच्या लघवीत प्रथिन जात असेल तर हे आवर्जून सांगा, काही वेदनाशामकं मूत्रपिंडांना सोसत नाहीत.

जेवणाचा प्रश्न या आठवड्यात परत आला. मऊ आणि गार खायचं, आणि तेही साखर न वाढवता. पेज आणि साबुदाणा यावर राहिले असते तर मीटरने सांगितलंच असतं. मी ज्वारीची आंबील ताक घालून, मूगडाळीचं घट्ट वरण, मऊ शिजवलेला दोडका, दही, पनीर कुस्करून, असं खाल्लं. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात गार आंबील गोडच लागली. दिवसातून दोनदा साखर मोजली, एकदाच २१० गेली, बाकी आवाक्यात राहिली. १५ एप्रिलला टाके काढले. शस्त्रक्रियेचा खर्च खासगीत सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याच्याही आत आला.

जुलैत ७.२. हिरड्यांचं मोजमापही त्याच महिन्यात झालं, सहाच्या दोन्ही जागा चारवर आल्यात. हा आजार बरा होऊन संपत नाही, मधुमेहासारखाच सांभाळायचा असतो, म्हणून दर तीन महिन्यांनी देखभालीची सफाई ठरली आहे. एचबीए१सी आणि ती सफाई मी एकाच आठवड्यात ठेवते. दोन्हीकडचे कागद एका फाइलमध्ये आहेत, शुगरच्या डॉक्टरांना हिरड्यांचा तक्ता दाखवते, हिरड्यांच्या डॉक्टरांना रक्ताचा रिपोर्ट. ते दोघे एकमेकांशी कधी बोललेले नाहीत, त्यांच्यातला दुवा मीच आहे. हे काम रुग्णालाच करावं लागतं, आणि ते करण्यासारखं आहे.

गेल्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन गेले. त्या बहात्तर वर्षांच्या, शुगर वीस वर्षांची, आणि लहानपणापासून मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूने हिरड्यांतलं रक्त येणं झाकलं जाऊ शकतं, म्हणून आजार आत किती आहे ते वरून कळेलच असं नाही. त्या आधी तयार नव्हत्या. ‘अगं, मिश्री लावल्याबिगर तोंड धुतल्यासारखं वाटतंच न्हाई बघ,’ म्हणत होत्या. मॅडमनी त्यांना रागावलं नाही. गालाच्या आत आणि जिभेखाली नीट पाहिलं, एक पांढरट चट्टा दाखवला, तो तीन आठवड्यांनी परत बघायचा आहे, तोवर मिश्री पूर्ण बंद. मग सळई घेऊन आकडे मोजले. लिहून घ्यायला सहायक मुलगी नव्हती, म्हणून ते मी लिहिले. पुढची तारीख २१ ऑगस्ट.